बाबांच्या कार्डाचा नंबर

आई,

तुला गाढ झोप लागली होती, म्हणून न उठवताच ड्युटीवर निघालो. काल उगाच डाफरलो तुझ्यावर. बाबांचा कॉम्प्युटर बंद केला की नेट जातं, हे तुझं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. मला वाटलं, तो भंगारात जाऊ नये म्हणून तुझे बहाणे चाललेत.

नेटची वायर बाबांच्या कॉम्प्युटरमधल्या नेटवर्क कार्डाला जोडलेली होती; अशा प्रत्येक कार्डाला स्वतःचा एक नंबर असतो आणि नेटवाले आपल्या घरातलं फक्त बाबांचं कार्ड ओळखतात. नवा राउटर जोडला तर ढिम्म चालेना. शेवटी बाबांच्या कार्डाचा नंबर राउटरला दिला, तेव्हा कुठे नेट आलं. नेटवाल्यांच्या लेखी बाबा अजून तिथेच बसलेत. राउटरची धूळ काढताना मागच्या बारीक भोकात केसातली पिन तेवढी खुपसू नकोस, नंबर पुसला जाईल.

आता नेटसाठी रोज सकाळी त्यांचा कॉम्प्युटर लावायची गरज नाही. तरी भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवलंय. कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर ऐकल्याशिवाय तुझ्या घशाखाली चहा उतरत नाही, हे माझ्या टाळक्यात आज शिरलं.

खुशाल लावत जा.

तुझा दीडशहाणा