फक्त संशोधनासाठी

प्रिय वृषाली,

फोन रोज होतो, तरी आज कागद घेऊन बसले. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. ‘गोळ्या घेतल्यास का’ इथून सुरुवात आणि तिथेच शेवट. घेतल्या गं. आता निवांत ऐक.

टोमॅटोची बांधणी उरकली. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. धार आता तुझे दादाच काढतात. पहिल्यांदा बसले तेव्हा गाय त्यांना जवळ उभं करेना. आता बायकोपेक्षा मलाच जास्त दूध देते म्हणून साऱ्या येडगावात मिरवतात.

धार म्हटली की मला तो दिवस आठवतो. गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, तू दहावीला होतीस. धार काढता काढता माझी बोटं आत वळली आणि उघडेचनात. ओठांभोवती मुंग्या आल्या, आणि मी गोठ्यातच आखडून पडले. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं अशक्तपणा, दूध पी. रक्त तपासल्यावर कळलं, की थायरॉइडच्या मागे गव्हाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. गाठ काढताना माझ्या त्या ग्रंथीही गेल्या. गाठ त्यांना चिकटलेलीच होती, दोष कुणाचा नव्हता. दूध पिऊन काय होणार, असं तूच मला समजावलंस. म्हणालीस, धरणात पाणी आहे आई, पण दारं उघडणारा माणूसच गेलाय. त्याच वर्षी तू सायन्सला गेलीस. का, ते तू सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही.

मागच्या महिन्यात तू आम्हाला तुझी पुण्याची प्रयोगशाळा दाखवलीस. फ्रीजरमधून बोटभर नळी काढलीस, तळाशी चिमूटभर पांढरी पूड. माणसाचा जीन जिवाणूत घालून हे प्रथिन बनवतात, आई, तुझ्या त्या चार ग्रंथी बनवायच्या तेच हे, असं सांगताना तुझा आवाज बदलला. इतकी वर्षं जे माझ्या अंगात नाही, ते माझ्यापासून हातभर अंतरावर होतं.

तुझ्या दादांना राहवलं नाही. “वृषे, एवढंसं हिला टोचलं तर नाय का चालणार?”

तू हळूच म्हणालीस, “दादा, हे फक्त संशोधनासाठी आहे. पेशींवर वापरायचं. माणसाला द्यायचं औषध वेगळं बनवतात, वेगळं तपासतात. हे आईला टोचणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ.”

नळी ठेवून तू फ्रीजर बंद केलास, पण तुझा हात बराच वेळ दारावरच राहिला. दादांचा प्रश्न तू स्वतःला कितीदा विचारला असशील, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. परतताना एसटीतून नारायणगावला उतरून चहा घेतला तेव्हा दादा म्हणाले, “पोरगी खरं बोलली. लई जड गेलं आसंल तिला.”

आता इथली बातमी. शेजारच्या तेजस्विनीचंही गाठीचं ऑपरेशन झालं. घरी आली, तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले, तर म्हणाली, काकू, ओठ बधिरल्यासारखे वाटतात. सासू म्हणाली, झोप, बरं वाटेल. मी तिची बोटं हातात घेतली, तर ती आत वळायला लागली होती. मी काही ऐकलं नाही. आपल्या समर्थला पिकअप काढायला लावलं आणि तिला दवाखान्यात नेलं. सलाईनमधून कॅल्शियम दिलं आणि माझ्या डोळ्यांदेखत तिची बोटं मोकळी झाली. डॉक्टर म्हणाले, हिच्या ग्रंथी शाबूत आहेत, थोड्या दिवसांत पुन्हा कामाला लागतील. वृषाली, मी तिथे बाकावर बसून खूप रडले. पण ते रडणं दुःखाचं नव्हतं.

काल तुझ्या भावाच्या तोंडून निघून गेलं, समर्थवर रागावू नकोस. तू संशोधन अर्धवट सोडून घोडेगावला शिकवायची नोकरी बघते आहेस म्हणे, दिवाळीनंतर कॅल्शियम उतरून मला झटका आला तेव्हापासून. मला जवळ कुणीतरी हवं म्हणून. त्यासाठीच हे लिहायला बसले. येऊ नकोस. त्या पुडीवरच्या अभ्यासातून काही औषध निघेल का, आणि ते मला मिळेल का, मला ठाऊक नाही. मी त्यावर डोळे लावूनही बसलेले नाही. पण तेजस्विनीचं नशीब चांगलं, म्हणून सुटली. न सुटणारी कुणी पोर उद्या असेलच. माझ्याजवळ बसायला तुझे दादा आहेत, समर्थ आहे, आता तेजस्विनीही रोज चक्कर मारते. तुझ्या त्या पेशींजवळ बसायला कोण आहे? सुट्टीत ये, कालवड बघ, पोटभर जेव आणि परत जा.

तुझीच, तुला मुद्दाम लांब ठेवणारी,
आई