ताप सांगितला नाही

धाकटे,

तू बाजारात गेलीस आणि मला हुडहुडी भरली. डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर म्हणाल्या, "गर्भपिशवी काढली त्या जागी पाणी साठलं असेल, लगेच या. कदाचित नळी घालून काढावं लागेल." शेजारच्या काकूंना घेऊन जातेय.

ताप परवापासूनच होता. सांगितलं असतं तर तू आणखी राहिली असतीस. तुझ्या बोलण्यावर हे जेवताना खदखदून हसतात, ते आतल्या खोलीत पडून मला ऐकवत नाही गं.

आता मात्र राहा. दोघांना वेळेवर वाढ. पोरगी तुझ्या कुशीत झोपायचं म्हणेल, झोपू दे. पण उशी माझी दे तिला.

ताई