एकट्याने ओढता का?

बाबा, आज केनवडला एका घरी बसले होते आणि सारा वेळ मला तुमचाच राग येत होता. माझं काम तुम्हाला ठाऊक नाही, तुम्ही गेल्यावर मी यात आले. गांजा ओढणाऱ्यांपैकी कोणाला तो सुटेनासा झालाय, हे थोड्या प्रश्नांत ओळखणारी एक प्रश्नावली आहे. ती आपल्या जिल्ह्यात खरी उतरते का, हे आम्ही तपासतो. आधी मी प्रश्न विचारायचे, मग डॉक्टरांनी त्याच माणसाशी सावकाश बोलायचं आणि दोघांचा मेळ बसतो का ते पाहायचं. मेळ बसत नाही. डोकं उठलंय माझं.

आजचा माणूस तुमच्यासारखाच. भजनात टाळ वाजवणारा, मऊ बोलणारा, कामावर जाणं कधीचंच सुटलेलं. मी विचारलं, एकटे असताना ओढता का? तो हसला. "एकट्यानं कोन चिलीम ओढते, बाई? पयले महादेवाचं नाव, मंग चौघायच्या हातून फिरते." मी लिहिलं, नाही. घरच्यांनी कमी करा असं कधी म्हटलं का? तेही नाही. त्याची बायको दारात उभी होती. मला सोडायला रस्त्यापर्यंत आली तेव्हा म्हणाली, "मी कायले सांगू? सांगतलं का हा मानूस ताट सरकवून देते अन् उठून जाते." माझ्या कागदावर तो माणूस ठणठणीत. डॉक्टरांनी मात्र त्याला उपचार हवेत असं लिहिलं.

संध्याकाळी वाशीमच्या ऑफिसात साहेबांना म्हटलं, हे दोन प्रश्न आपल्याकडे लंगडे पडतात, बदलू द्या. ते म्हणाले, प्रश्न बाहेरच्या देशांत पारखलेले आहेत, बदलले तर तुलना कशाशी करणार? मी म्हटलं, उद्या हीच प्रश्नावली गावोगावच्या आशाताईंच्या हाती जाईल आणि असली माणसं 'काही अडचण नाही' म्हणून घरी पाठवली जातील. मी भांडले. साहेब चहा मागवून मोकळे झाले.

परतताना आसेगावचं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे होतं. तुम्ही देवळातून येता, डोळे लाल, आणि आई काही न बोलता, तुम्हाला गोड हवं असणार म्हणून, गुळाचा डबा तुमच्यापुढे सरकवते. चिलमीला गुंडाळायची तुमची ती ओली छापी मी एकदा मळकं फडकं समजून साबणाने धुतली होती. एरवी आवाज न चढवणारे तुम्ही, त्या दिवशी कडाडलात, "देवाच्या कामाची वस्तू हाय ते, हात नोको लावू." कापसाच्या जिनिंगमधलं काम सुटलं तेव्हाही घरात 'देवाची मर्जी' एवढंच म्हटलं गेलं. तुम्ही कोणाच्या अंगावर गेला नाहीत, कोणाला शिवी दिली नाहीत, म्हणून तुम्ही बिघडत चाललात असं कोणी म्हटलंच नाही. दारू पीत असतात तर चारजणांनी तरी समजावलं असतं. देवाच्या नावावर मिळालेली ही सूट मला आजही सहन होत नाही, बाबा.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं सांगते. घरी येऊन मी तेच प्रश्न मनातल्या मनात तुम्हाला विचारले आणि तुमची उत्तरं खरीखरी दिली. एकट्याने नाही. घरच्यांनी सांगितलं नाही. तुम्हीही 'काही अडचण नाही'मध्येच निघालात. ज्या प्रश्नावलीवरून साहेबांशी भांडले, तिच्यावर तेव्हा चिडायला हवं होतं. उलट मला बरं वाटलं.