जेवलीस का?

लाडक्या सकिनाला,
तुडीलहून तुझ्या तय्यबभाईचा सलाम आणि पोटभर दुआ.

आपली नशरा, माझी नात, जेवेनाशी झालीय. भाकरी कुस्करते, ताटाखाली सरकवते आणि 'पोट भरलं' म्हणते. पोर नुसती काडी झाली. शेजारणी तिच्या आईलाच बोल लावत होत्या, "हिच्याच हाताला चव नाय."

महाडच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आधी कोणाला असं झालं होतं का?" मला एकदम नशराच्या वयातली तू दिसलीस. ईद होऊन गेली तरी तुझे रोजे संपायचे नाहीत. इफ्तारीला एक खजूर तोंडात, भजी सगळी शेळीला. आम्ही कौतुकानं म्हणायचो, सकिना अल्लाची लाडकी!

बाई म्हणाल्या, "नाकडोळे येतात तसा हा आजारही रक्तातून येऊ शकतो. येईलच असं नाही, आणि तेवढंच कारणही नसतं. पण यात आईचा दोष नाही, आणि यावर उपचार आहे." माझी सून तिथंच रडली गो.

येताना एसटीत नशरानं हळूच विचारलं, "सकिनादादी आता तरी जेवते का हो?"

दर भेटीत मी विचारतो, 'जेवलीस का?' तू म्हणतेस, 'जेवले.' झालं, विषय संपला.

पत्र टाकलं तरी तू तेवढंच लिहिशील. म्हणून हे टाकत नाही. शुक्रवारी नशराला घेऊन पोलादपूरला तुझ्या घरी येतो. तिघं एकाच ताटात बसू. मीपण सावकाश जेवेन.

तुझाच,
तय्यबभाई