दसऱ्याला अपग्रेड

७ सप्टेंबर १९९८, सोमवार
सकाळी सहाला जाग आली. कंपनीला मार्चमध्ये कुलूप लागलं, पण अंगातून पहिली शिफ्ट काही जात नाही. कँटोन्मेंटच्या ग्राउंडवर बिगुल वाजला. परत आडवा झालो.

आज मोठा निर्णय घेतला. घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज ९५ आहे, ते काढून विंडोज ९८ टाकायचं. माणसं अठ्ठ्याण्णवमध्ये आणि मशीन पंच्याण्णवमध्ये, हे सुपरवायझर म्हणून मला पटत नाही.

भारतीला सांगितलं. ती टाईप करत होती. मान वर न करता म्हणाली, आत्ता काही नको, राहुरीच्या सम्राटचा थिसिस अर्धा झालाय, दिवाळीच्या सुट्टीआधी त्याला कॉलेजात द्यायचाय, तोवर मशीनला हात लावू नका. मी म्हणालो, हात कोण लावतंय? अपग्रेड करायचंय फक्त. यावर तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि ती पुन्हा टाईप करायला लागली.

आजपासून पितृपक्ष. नाहीतर आजच करून टाकलं असतं.

९ सप्टेंबर
कॉम्प्युटर मुळात माझ्या कन्सल्टन्सीसाठी घेतला. कन्सल्टन्सी सुरू व्हायची आहे. तोपर्यंत मशीन नुसतं पडून राहू नये म्हणून भारतीला टायपिंगची परवानगी दिली. आता लग्नपत्रिका, बायोडाटा, राहुरीच्या पोरांचे थिसिस असं सगळं भिंगारपर्यंत येतं. त्यातून घराला किरकोळ हातभार लागतो. किराणा, दूध, गॅस आणि लाईटबिल, एवढंच.

डिपार्टमेंटचा हेड मीच आहे. ती ऑपरेटर.

११ सप्टेंबर, दुपार
लाईट गेली की यूपीएस टुंय टुंय करून डोकं उठवतो. डोळा लागला होता, तेवढ्यात सुरू झाला. त्याची वायर काढून कॉम्प्युटर सरळ भिंतीतल्या प्लगला लावला. आता शांत आहे. कंपनीत याला नॉइज रिडक्शन म्हणायचे.

भारतीला सांगायचं राहिलं.

१५ सप्टेंबर, मंगळवार
सम्राट आला. मूळचा खर्ड्याचा, राहुरीला एम.एस्सी. करतो. कांदा चाळीत सडतो का, यावर थिसिस आहे. त्याच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेला हा पहिलाच. भारतीला ताई म्हणतो, मला सर. मुलगा समजूतदार आहे.

त्याला अपग्रेडची योजना समजावून सांगितली. त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, सर, थिसिस झाल्यावर करा की. गाईडनं तीनदा माघारी पाठवलाय. दर आठवड्याला वडील एसटीडीवरून फोन करतात, झालं का रे म्हणून. आता काय सांगू त्यांना? मी म्हणालो, निश्चिंत राहा, मी पाचशे माणसांची शिफ्ट सांभाळलीय. तो पाणी प्यायला आणि चहा न घेताच गेला.

नंतर भारती बराच वेळ नुसती की-बोर्डकडे बघत बसली. विचारलं काय झालं, तर म्हणाली काही नाही. मलाही काही वाटलं नाही. हल्ली वाटतच नाही.

१८ सप्टेंबर
शेजारचे बन्सीभाऊ विंडोज ९८ ची सीडी घेऊन आले. डेपोतून रिटायर झालेत, पुण्याच्या भाच्याकडून आणली. म्हणाले, लई भारी हाय कानिफराव, घाला बिनधास्त, इचार काय करताय? बन्सीभाऊंकडे कॉम्प्युटर नाही, पण माणूस अनुभवी आहे.

सीडी देव्हाऱ्यात ठेवली. पितृपक्ष संपेपर्यंत तिथंच बरी.

२१ सप्टेंबर, घटस्थापना
आज करायला हरकत नव्हती. पण भारतीचे नऊ दिवस उपास. उपाशी माणसाच्या डोक्याला ताण देणं बरोबर नाही. शिवाय दसरा हा पूर्ण मुहूर्त. जिथं दसरा हातात आहे तिथं घट बसायच्या दिवशी गडबड कशाला? अपग्रेड दसऱ्यालाच. फायनल.

दिवसभर घरात तिच्या टायपिंगची टकटक चालू असते. सुरुवातीला त्रास व्हायचा. आता त्यावर झोप चांगली लागते.

३० सप्टेंबर, खंडेनवमी
कंपनीत खंडेनवमीला सगळ्या मशीनची पूजा व्हायची. लेथला हार, ड्रिलला हार, पेढे. यंदा घरच्याच मशीनची केली. भारतीनं की-बोर्डला हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचं एक फूल ठेवलं. सीपीयूची पूजा मात्र हेड म्हणून मी केली.

विडा कुठं मांडायचा हा प्रश्न होता. सीपीयूचं एक बटण दाबल्यावर ताटलीच बाहेर आली. मधोमध खळगा, गणपतीची सुपारी बसावी म्हणूनच केल्यासारखा. परदेशात बनवतात पण विचार करून बनवतात. दोन पानं, वर सुपारी, अक्षता. हात जोडेपर्यंत ताटली आपोआप आत गेली. मी भारतीला म्हणालो, बघ, देवानं मान्य केलं. ती तेव्हा स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू गेलं नसावं.

१ ऑक्टोबर, दसरा
सीडी चालत नाही. आत टाकली की खडखडखड असा आवाज येतो आणि स्क्रीनवर काही नाही. सीडीच खराब. बन्सीभाऊंना सोनं द्यायला गेलो तेव्हा स्पष्ट सांगितलं. त्यांना राग आला. म्हणाले, माजा भाचा असला माल देत न्हाई, तुमच्या मशीनचंच कायतरी आसंल.

भारती म्हणाली, बरं झालं, देवालाच नकोय. तिच्या आवाजात मला आनंद जाणवला. हे मनाला लागायला हवं होतं.

४ ऑक्टोबर, रविवार
भारती बाजारात गेली तशी सीपीयू उघडला. मशीन खोलणं म्हणजे आपल्या हातचा मळ. सुपारी निघाली. विड्याची पानं वाळून आत चिकटली होती. अक्षता मात्र शेवटपर्यंत सगळ्या सापडल्या नाहीत.

हे दसऱ्याला सापडलं असतं तर घाईत अपग्रेड झालं असतं आणि काहीतरी बिघडलं असतं. म्हणजे सुपारीनं वाचवलं. धुऊन परत देव्हाऱ्यात ठेवली. भारतीला सांगण्यासारखं यात काही नाही.

७ ऑक्टोबर
थिसिस संपत आला. शेवटचा भाग राहिलाय. उद्या भारती राहुरीला जाणार, गाईडनं सुचवलेल्या दुरुस्त्या समजून घ्यायला. सकाळची एसटी, परत यायला संध्याकाळ. जेवताना पुन्हा बजावलं, मशीनला हात लावू नका. मी म्हणालो, मला दुसरी कामं नाहीत का?

झोपताना विचार केला, तसं नाहीत.

८ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी ११
ती आली की नव्या विंडोजवर थिसिसचा शेवट टाईप करेल. चकित होईल. सीडी टाकली. चालली! खडखड नाही. निळ्या स्क्रीनवर पट्टी पुढं सरकतेय. मशीन काम करतंय आणि आपण शेजारी उभे, असं किती दिवसांनी होतंय. बसवेना. हात मागं बांधून शिफ्टसारखा उभा राहिलो.

दुपारी १२
लाईट गेली. पट्टी अर्ध्यावर होती.

यूपीएस शांत आहे. वायर काढलीय ना.

दुपारी २
लाईट आली. काळा स्क्रीन, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं, पुढं काही नाही. विंडोज ९५ पण नाही आणि ९८ पण नाही. बन्सीभाऊंना बोलावलं. राग विसरून आले. बराच वेळ स्क्रीनकडे बघून म्हणाले, भाचा सांगतो, अडलं की फारमॅट मारायचं, समदं नव्यासारकं व्हतं. फॉरमॅटची फ्लॉपी भाच्यानं सीडीबरोबरच दिली होती.

मी थिसिसचा विचार केला. केला नाही असं कुणी म्हणू नये. थिसिस आहे वर्डमध्ये. वर्डची सीडी आपल्या कपाटात आहे. फॉरमॅट झाल्यावर वर्ड परत टाकलं की थिसिस परत येणार. सरळ हिशेब आहे.

मशीननं विचारलं, सगळं पुसलं जाईल, पुढं जायचं का? वाय का एन? कंपनीत मॅनेजमेंटला एन म्हणायची आम्हाला सवय नव्हती. वाय दाबलं.

दुपारी ४
विंडोज ९८ आलं. रंग छान आहेत. वर्ड पण टाकलं. उघडलं. पांढरं पान. दुसऱ्यांदा उघडलं. पांढरं पान.

बन्सीभाऊ म्हणाले, मला जरा काम हाय, आणि गेले.

संध्याकाळी ७
भारती आली. चपला काढून आधी स्क्रीनकडे बघितलं. मी सांगायला सुरुवात केली, आधी रंगांचं सांगितलं. ती उभ्या उभ्याच ऐकत होती. ओरडली नाही. ओरडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मग आत गेली, चहा ठेवला, आणि वरच्या फळीवरून पापडाचा डबा काढला. त्यात फ्लॉप्या होत्या. अख्खा थिसिस. अपग्रेडचा विषय मी काढला त्या दिवसापासून रोज संध्याकाळी कॉपी करून ठेवत होती.

मी म्हणालो, म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नव्हता.
ती म्हणाली, होता की, म्हणून तर ठेवल्या.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. कंपनीच्या गेटला कुलूप बघितलं त्या दिवशीही एवढं वाटलं नव्हतं. चहा गार झाला तो तिनं परत गरम करून दिला.

९ ऑक्टोबर
भारती फ्लॉप्या घेऊन नगरला जयमालाताईंच्या दुकानात गेली. कॉम्प्युटर विकतात, दुरुस्त करतात आणि टायपिंगही घेतात. तिथल्या मशीनवर थिसिस पूर्ण करणार. मी म्हणालो, घरात विंडोज ९८ असताना? ती म्हणाली, तेवढ्यासाठीच.

तसंही इथं तिची फाईल उघडेना. अक्षरांऐवजी चौकोन येतात. मराठी फॉन्टही पुसला गेला होता. त्याच्यासाठी मी वेगळी सीडी ठेवलेली नव्हती.

१४ ऑक्टोबर
थिसिस गेला. सम्राट पेढे घेऊन आला, वडिलांनाही बरोबर आणलं. वडील दारातच म्हणाले, ताई, तुमच्यामुळं झालं बगा, आमचं पोरगं शिकलं. भारतीच्या डोळ्यात पाणी आलं. सम्राटनं तिला वाकून नमस्कार केला. मग मला म्हणाला, सर, आता करा अपग्रेड. टोमणा नव्हता, मुलगा तसा नाही. मी म्हणालो, झालं केव्हाच.

वडिलांनी माझ्याही हातावर पेढा ठेवला आणि विचारलं, तुमी काय करता साहेब? मी पेढा खात होतो, त्यामुळं सांगता आलं नाही.

१६ ऑक्टोबर
जयमालाताई घरी आल्या. पर्समधून स्क्रू-ड्रायव्हर काढून सीपीयू उघडला. आतून दोन अक्षता काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. म्हणाल्या, मशीन ठीक आहे. फॉन्ट टाकून देते. ९५ ठेवायचं की ९८, तुम्ही सांगा.

मी म्हणालो, विचार करून सांगतो.

जाताना त्या भारतीला म्हणाल्या, दिवाळी झाली की रोजच या, अशी माणसं मिळत नाहीत हो. भारतीनं लगेच हो म्हटलं. हेड म्हणून मी परवानगी दिली. ती मागितली नव्हती, पण रेकॉर्डला असलेली बरी.

२६ ऑक्टोबर, सोमवार
आज पहिला दिवस. भारती सहाला उठली. मीही उठलो. साडेनऊला ती पर्स घेऊन निघाली. मी म्हणालो, लवकर ये. मग म्हणालो, सावकाश ये. ती म्हणाली, जेवून घ्या वेळेवर. भिंगारच्या नाक्याकडे वळेपर्यंत दिसत होती.

आता मशीन पूर्ण माझं. कुणाची फाईल नाही, कुणाची घाई नाही. वाटेल ते विंडोज टाकायला मोकळा. कव्हर काढून बसलो. पांढरं पान उघडलं. कन्सल्टन्सी, एवढं टाईप केलं आणि पुसलं. जरा आडवा झालो, पण झोप येईना. घर फार शांत आहे. उठून नुसतीच बोटं चालवली, टकटक होते का बघायला. होते, पण मध्येच अडखळते.

आत जेवायला गेलो तर ओट्यावर डबा. कंपनीत न्यायचो तोच, तीन पुडांचा. सकाळी तिनं दोन डबे भरले होते, एक स्वतःचा, एक माझा. कंपनीत जेवणाचा भोंगा ज्या वेळेला व्हायचा, त्याच वेळेला कॉम्प्युटरसमोर बसून उघडला. वांग्याची भाजी, चपाती, लोणचं. सवयीनं अर्धी भाजी शेजारच्याला द्यायला बाजूला काढली.

नंतर तीही खाल्ली. विंडोजचं थंडी संपल्यावर बघू.