माया लोकांनी माझे लग्न लांबवले

तीर्थस्वरूप दत्तात्रेयमामांना गणराजचा वाकून नमस्कार (प्रत्यक्ष वाकलो नाही, मांडीवर कागद आहे). तुम्ही नि मामी अलिबागला सुखात असाल, खालच्या बिऱ्हाडाशी पाण्यावरून चाललेले बोलणेही वेळच्या वेळी होत असेल. तुम्ही मोबाइल कपाटात ठेवता, म्हणून पत्राचा फोटो मामींना पाठवतो. त्यांनी तो गॅलरीत उभे राहून मोठ्याने वाचू नये.

तर लग्नाचे. दिवेआगरला नामाकाकांच्या वाडीत मी उतरायला येणाऱ्या पाहुण्यांना चहा देतो, नारळ सोलतो आणि नामाकाका समोर असले की त्यांच्या मुलीकडे, म्हणजे भक्तीकडे, बघत नाही. त्यांची अट तुमच्यादेखतच ठरली : "पोरगा चांगला हाय, पण एका जागी टिकत न्हाय. लग्नापर्यंत माझ्या वाडीत टिकला तर मुलगी दिली. मध्येच पळाला तर विषय संपला." (तुम्ही मान हलवलीत ती त्यांच्या बाजूने, हे मी विसरलेलो नाही.) मला वाटले, आठ-दहा दिवसांचा प्रश्न. मग गुरुजींनी पंचांग उघडले. शुक्राचा अस्त. तो सूर्याआड गेलेला, परत दिसेपर्यंत दीड महिना मुहूर्त नाही. मामा, मी आजवर सगळ्यात जास्त टिकलो ते बोर्लीच्या गॅरेजात, बावीस दिवस, आणि त्यातले पाच मी तापाने झोपून होतो.

दहाव्या दिवशी पुण्याचे राहुल सर दुर्बीण घेऊन बारा दिवस राहायला आले. त्यांनी सांगितले की मेक्सिकोच्या बाजूला माया लोक होते (आजही आहेत म्हणे), त्यांनी नुसत्या डोळ्यांनी शुक्राचा हिशेब पक्का केला होता. मी नीट ऐकत होतो, पण मध्येच मासळीवाल्याचा भोंगा वाजला, मी पापलेट बघायला गेलो, तिथे एकाच्या नवीन स्कूटरवर चक्कर मारली, आणि परत आलो तेव्हा सर म्हणत होते, "आणि मग शुक्र फक्त आठ दिवस गायब."

मी तडक नामाकाकांकडे. म्हटले, माया लोकांच्या मते आठच दिवस, पुढच्या आठवड्यात उरकू. नामाकाकांनी सरांनाच बोलावले. सरांनी सुपारीच्या साली मांडून दाखवले : शुक्र पहाटे दोनशे छत्तीस दिवस, मग गायब नव्वद, संध्याकाळी दोनशे पन्नास, मग गायब आठ. एकूण पाचशे चौऱ्याऐंशी, अशा पाच फेऱ्या म्हणजे त्यांची आठ वर्षे. "आत्ताचा हा नव्वदवाला," सर आनंदाने म्हणाले. नामाकाका प्रभावित झाले. "इतकी हुशार माणसं म्हणतात तर नव्वदच धरू," म्हणाले. मी कमी करायला गेलो आणि दुप्पट करून आलो. भक्ती म्हणाली, "तुझ्यापेक्षा शुक्र बरा. जातो कधी, येतो कधी, ते तरी लिहून ठेवलंय."

मीही मग त्यांच्या पद्धतीने दिवस मोजू लागलो. एकाला ठिपका, पाचाला आडवी रेघ, चुन्याने, पोफळींच्या बुंध्यांवर. वाडीत कामाला येणाऱ्या नीराबाईंनी ते पाहिले आणि टोपली टाकून बसल्याच. "वादळ कंदी येऊन गेला रं? मला कसा कल्ला न्हाय?" (मागच्या वादळात पंचनाम्याला अशाच खुणा केल्या होत्या.) दुपारपर्यंत चार शेजारी आपापली झाडे मोजून घ्या म्हणून दारात उभे होते. सगळे बुंधे मी काथ्याने घासून काढले.

असो. आज तेविसावा दिवस. माझा विक्रम मोडला, मन स्थिर आहे, काळजी नसावी.

तुमचा आता टिकणारा भाचा,
गणराज

ता. क. : हे पत्र लोणारहून लिहितो आहे. सरांच्या गाडीत एक जागा रिकामी होती, आणि आकाशातून दगड पडून झालेले तळे मी कधी पाहिले नव्हते.

आणखी ता. क. : नामाकाकांना मी सांगितले आहे की मामांच्या छातीत दुखतेय, म्हणून अलिबागला निघालो. उद्या दुपारी ते शहाळी घेऊन तुम्हाला बघायला येत आहेत. कृपया सकाळपासून पडून राहावे. चेहरा दाढी न करता ठेवल्यास बरे.

शेवटचा ता. क. : भक्तीला खरे ठाऊक आहे. तीही येते आहे. म्हणते, खोटे बोलणार नाही, पण तुमच्या उशाशी बसून रडेन. मला पोचायला संध्याकाळ होईल. तोवर बरे होऊ नये, ही विनंती.