सुनयनाच्या गोगलगायी

३ नोव्हेंबर
रिटायर होऊन बारा दिवस. तुर्भ्याच्या कंपनीत एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. आता नुसतं बसून राहायचं नाही, हा पक्का निश्चय.
आज सुनयना विदर्भातून फील्डवर्क करून आली. पोरगी एमएस्सी जिऑलॉजीला आहे, येताना पिशवीभर दगड घेऊन आली. म्हणते, पप्पा, यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि शिंपले आहेत, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या तळ्यातले. कुठल्या थरात कुठली गोगलगाय, त्यावरून थराचं वय काढायचं. तिची आई, शालन, म्हणाली, माझी भाजीची पिशवी का नेलीस?

४ नोव्हेंबर, सकाळी ११
सुनयना कॉलेजला गेली. जाताना सांगून गेली, कशालाही हात लावू नका. नाहीच लावणार. फक्त बघणार.

दुपारी १
बघितलं. एकेक दगड मळक्या पेपरात गुंडाळलेला, वर पेनाने कायतरी खरडलेलं. आमच्या स्टोअरमध्ये असलं चाललं नसतं.

५ नोव्हेंबर
काम फत्ते. सगळ्या गोगलगायी टूथब्रशने घासल्या. साईझप्रमाणे मिठाईच्या बॉक्समध्ये लावल्या. पेपर रद्दीवाल्याला दिले. शालन म्हणत होती, अहो, तिला विचारा तरी. सरप्राइज कोणी विचारून देतं का?

६ नोव्हेंबर
सुनयनाने बॉक्स उघडले. एकेक गोगलगाय उलटीपालटी करून बघितली. भारावली असणार.
मग म्हणाली, कागद कुठायत?
थरांचे नंबर कागदांवर होते म्हणे. थर माहीत नसेल तर ती नुसती गोगलगाय. धावत रद्दीवाल्याकडे गेलो. टेम्पो सकाळीच निघून गेलेला.
टेन्शन घ्यायचं नाही. थर मी लावून देतो. जड माल खाली, हलका वर.

८ नोव्हेंबर
सुनयनाच्या गाईड, सुचित्रा मॅडम, घरी आल्या. त्यांना माझी सिस्टिम समजावली. मोठ्या गोगलगायी खालच्या थरातल्या, म्हणजे जुन्या. मॅडमनी विचारलं, का बरं? म्हटलं, वयाने वाढल्या.
मॅडमनी शांतपणे चहा संपवला. मग सुनयनाला म्हणाल्या, पुन्हा जावं लागेल, सबमिशनला तीनच आठवडे आहेत.
सुनयना किचनमध्ये जाऊन रडली. मी दारातच उभा. शालनने बघितलं तर म्हटलं, गॅस बंद आहे का बघायला आलो.

९ नोव्हेंबर
सुनयनाला म्हटलं, मी येतो सोबत. हातोडा धरीन, नंबर लिहीन. ती म्हणाली, पप्पा, तुम्ही घरीच थांबा. तेवढी एक मदत करा.
माझ्या तब्येतीची फार काळजी आहे तिला.

१६ नोव्हेंबर
सुनयना आली. उन्हाने पार रापलीय, पण हसत होती. सगळे थर पुन्हा सापडले. मला बरं वाटलं. खरंच.
पिशवी मात्र कुठे दिसेना. शालनला विचारलं. म्हणाली, समोरच्या खैरुन्निसाभाभींच्या कपाटात ठेवलीय. कुलूप लावून.
बरोबरच आहे. आमच्या घरात ओल फार.